फॅशनचा अभ्यास? हो, अभ्यासच!

आमच्या लहानपणी घरात 'फॅशन' हा शब्द चांगल्या अर्थाने वापरलेला मला आठवत नाही. वेणी जरा सैल घातली, की आजी म्हणायची, "फॅशनी सुचताहेत!" भावाने विजारीची मोहरी अरुंद करून आणली, की वडील म्हणायचे, "अभ्यास नको, फॅशन हवी." म्हणजे अभ्यास आणि फॅशन हे आमच्याकडे चक्क विरुद्धार्थी शब्द. त्यामुळे 'फॅशनचा अभ्यास' असं कुणी म्हटलं, की माझ्या वयाच्या माणसांना ते 'गोड कारलं' म्हटल्यासारखं वाटतं.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर झालेली चर्चा. माझ्या भाचीची मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली. आता तिला 'फॅशन स्टडीज' या विषयात एम.ए. करायचं आहे. कपडे शिवायला शिकायचं नाही, डिझायनरही व्हायचं नाही. माणसं अंगावर काय घालतात, का घालतात, ते कोण बनवतं, कोण ठरवतं, कोण बदलतं, याचा अभ्यास करायचा आहे. झालं! ग्रुपवर नुसता पाऊस पडला. "शिवणाचा क्लास लावायला एवढे पैसे?" "मॉडेल होणार वाटतं!" "त्यापेक्षा बी.एड. कर म्हणावं." शेवटचा सल्ला देणाऱ्याने बहुधा माझ्याकडे बघून दिला असावा. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं तर विचारूच नका.

ग्रुपवर लांबलचक लिहिलं की कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. माझं म्हणणं सरळ आहे. हा अभ्यासाचा विषय आहे, तो एका विद्याशाखेच्या कवेत मावत नाही म्हणून अनेक शाखांनी मिळून करायचा विषय आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी त्याला हक्काची जागा द्यायला हवी. ज्यांनी हसरे चेहरे पाठवले त्यांनी रागावू नये, पण शेवटपर्यंत वाचावं.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. नववीच्या वर्गाला मी एक गृहपाठ हमखास द्यायचे: कपड्यांवरून आलेले वाक्प्रचार लिहून आणा. मुलं आधी कुरकुरायची आणि मग दोन-दोन पानं भरून आणायची. पदरमोड करणे, पदर पसरणे, पदरी पडणे, पदर खोचून उभं राहणे, टोपी घालणे, पगडी फिरवणे, कंबर कसणे, ठिगळ लावणे, अंथरूण पाहून पाय पसरणे. नुसता 'पदर' घ्या. त्यात स्वतःचा पैसा आहे, याचना आहे, नशीब आहे, हिंमत आहे. जी भाषा आपले इतके महत्त्वाचे अनुभव कापडाच्या शब्दांत सांगते, त्या भाषेच्या माणसांनी कापडाला क्षुल्लक म्हणावं, हे मला चमत्कारिक वाटतं.

बरं, भाषा बाजूला ठेवू. इतिहासाकडे बघू.

डिसेंबर १९२७. महाडची सत्याग्रह परिषद. मनुस्मृतीचं दहन झालं ते याच परिषदेत, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले आणि बोलताना लुगड्याबद्दल बोलले, हे पाठ्यपुस्तकात क्वचित येतं. त्या काळी लुगडं कसं नेसलं आहे, अंगावर कोणते जाडजूड दागिने आहेत, यावरून बाईची जात लांबून ओळखू येई. बाबासाहेबांनी सांगितलं, की ज्या खुणांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात त्या टाकून द्या आणि वरच्या मानलेल्या जातींतल्या बायका नेसतात तसं लुगडं नेसा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं आणि नेसण्याची पद्धत बदलली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास मांडला आहे. माझ्या वाचकांनी तो जरूर वाचावा.

आता मला सांगा, निऱ्या चार बोटं खाली आल्या, एवढंच झालं का तिथे? बाबासाहेब स्वतः सुटाबुटात वावरले, आणि त्याच्या सहाच वर्षं आधी, सप्टेंबर १९२१ मध्ये, गांधीजींनी मदुरैला पंचा नेसायचा निर्णय घेतला होता. एकाने कपडे उतरवले, एकाने चढवले. दोघांनाही नेमकं ठाऊक होतं, की आपल्या अंगावरचं कापड समोरच्या लाखो माणसांशी बोलतं आहे. ज्यांना उघडं राहायला भाग पाडलं होतं त्यांच्यासाठी पूर्ण पोशाख हा हक्क होता, आणि ज्याच्याकडे सगळं होतं त्याच्यासाठी पंचा हा त्याग होता. एकाच काळातल्या या दोन पोशाखांचा अर्थ लावायचा, तर नुसतं राजकारण शिकून भागत नाही आणि नुसतं शिवणकाम शिकूनही भागत नाही. मी म्हणते तो अभ्यास नेमका इथे सुरू होतो.

हा अभ्यास जगात कसा उभा राहिला, ते थोडक्यात सांगते, म्हणजे 'हे काय नवीन खूळ' असं वाटणार नाही.

अमेरिकेत थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८९९ साली रिकामटेकड्या श्रीमंत वर्गावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात कपड्यांवर अख्खं प्रकरण आहे. मला काम करायची गरज नाही हे दाखवायला श्रीमंत माणूस काम करता न येण्याजोगे कपडे घालतो, असा त्याचा मुद्दा. (शालू नेसून भांडी घासून बघा, लगेच पटेल.) जर्मनीच्या गेऑर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाचा फॅशनवरचा निबंध १९०४ साली इंग्रजीत आला. त्याने सांगितलं, की माणसाला एकाच वेळी चारचौघांसारखंही दिसायचं असतं आणि चारचौघांत उठूनही दिसायचं असतं, आणि फॅशन या दोन्ही इच्छा एकदम पुरवते. लग्नसराईतल्या आपल्याच बायकांची आठवण झाली ना? मग आले क्रोबर, मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी जुनी फॅशनची चित्रं घेऊन चक्क मोजपट्टी लावली. झग्याची लांबी, घेर, कमरेची जागा. १९४० साली जेन रिचर्डसन यांच्यासह त्यांनी तीन शतकांतल्या बायकांच्या पोशाखाची आकडेमोड प्रसिद्ध केली. हेतू हा, की जी गोष्ट निव्वळ लहर वाटते तिच्यात काही नियम सापडतो का ते बघावं. फ्रान्सच्या रोलां बार्थ यांनी १९५८-५९ सालातली फॅशनची मासिकं घेतली आणि त्यांतल्या मजकुराचं व्याकरण मांडलं. त्यांचं पुस्तक १९६७ साली आलं. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, भाषाविचार... चार वेगवेगळ्या गावांहून चार माणसं एकाच विहिरीवर आली होती.

तरीही विद्यापीठात स्वतंत्र पाट काही मिळेना. लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये १९६५ साली स्टेला मेरी न्यूटन यांनी पोशाखाच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. या बाई मूळच्या नाटकांच्या वेशभूषाकार. चित्रातल्या माणसांच्या कपड्यांवरून जुन्या चित्राचा काळ ठरवणं, हे त्यांचं खास काम. म्हणजे कपड्यांना प्रवेश मिळाला, पण चित्रांचं बोट धरून. स्वतःच्या पायावर नाही.

व्हॅलरी स्टील या अमेरिकन विदुषीने सांगितलेला किस्सा मला फार आवडतो. येल विद्यापीठात त्या संशोधन करत होत्या. एका मोठ्या प्राध्यापकांनी विचारलं, कशावर काम करतेस? त्या म्हणाल्या, फॅशनवर. प्राध्यापकांनी मोठ्या आस्थेने विचारलं, इटलीतल्या की जर्मनीतल्या? बाईंना क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, की त्यांनी 'फॅसिझम' ऐकलं होतं! 'फॅसिझम नव्हे, फॅशन' असं कळताच प्राध्यापक पाठ फिरवून चालते झाले. याच स्टीलबाईंनी १९९७ साली 'फॅशन थिअरी' हे संशोधनपत्र सुरू केलं. त्यात इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ, वस्तुसंग्रहालयातली माणसं, साहित्याचे अभ्यासक एकत्र लिहू लागले. त्यानंतर २००६ साली स्टॉकहोम विद्यापीठात फॅशन अभ्यासाचं केंद्र निघालं. न्यूयॉर्कच्या पार्सन्समध्ये २०१० साली याच नावाचं एम.ए. सुरू झालं. आमच्या मुलीने निवडलेल्या विषयाला एवढी मोठी वंशावळ आहे.

आता कुणी म्हणेल, ही सगळी गोऱ्या लोकांची थेरं. तर तसंही नाही. डॉ. गो. स. घुर्ये हे मालवणचे, संस्कृतचे पंडित, आणि मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे कित्येक वर्षं प्रमुख. जातिसंस्थेवरच्या त्यांच्या पुस्तकाचं नाव सगळे घेतात. पण याच घुर्यांनी १९५१ साली 'इंडियन कॉस्च्यूम' हा भारतीय पोशाखावरचा ग्रंथ लिहिला. शिल्पं, चित्रं, जुने ग्रंथ आणि आजूबाजूची माणसं, असा सगळा पुरावा त्यांनी एकत्र केला. त्याच सुमारास डॉ. मोतीचंद्र यांचं 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हे हिंदी पुस्तक आलं. मोतीचंद्र मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे, संचालक होते. बार्थ यांचं पुस्तक यायला तेव्हा दीड दशक अवकाश होता. दोन मोठे पंडित मुंबईत बसून पोशाखावर लिहीत होते आणि त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. बी पेरलं गेलं होतं, पण त्याचं स्वतंत्र झाड काही झालं नाही.

कारण काय झालं असेल? माझ्या मते आपण कपड्याची वाटणी करून टाकली. गिरणीतलं कापड इंजिनिअरांकडे गेलं. घरातलं कापड गृहविज्ञानाकडे गेलं, आणि गृहविज्ञान म्हणजे 'मुलींचा विषय' म्हणून त्याला दुय्यम जागा. जुनं कापड वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड गेलं. विकायचं कापड १९८६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे निफ्टकडे गेलं. ती संस्था वस्त्रोद्योग मंत्रालयाची, तेव्हा तिचा मुख्य भर घडवण्यावर आणि व्यवसायावर असणार, ते योग्यच आहे. पण ज्याच्या अंगावर हे सगळं येतं तो माणूस या वाटणीत कुणाच्याच वाट्याला आला नाही!

एक साधा प्रश्न घ्या. आमच्या आईने जन्मभर नऊवारी नेसली आणि मी लग्नापासून पाचवारी. हा बदल शहरांतल्या हजारो घरांत एका पिढीत झाला. का झाला? अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्या महायुद्धातली कापडटंचाई आणि गिरण्यांचे भाव तपासेल. इतिहासाचा विद्यार्थी मुलींच्या शाळा, नोकऱ्या, लोकलचा प्रवास बघेल. तो असंही सांगेल, की आज आपण 'पारंपरिक' म्हणतो ती साडी नेसायची पद्धत रूढ करण्याचं श्रेय ज्ञानदानंदिनी देवी टागोरांना दिलं जातं, आणि त्यांनी ती १८६० च्या दशकात मुंबईत राहत असताना पारशी बायकांच्या नेसणीवरून बसवली. समाजशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल, की कासोट्याची लाज कधीपासून वाटायला लागली आणि कुणाला? कोळणींना वाटली नाही, शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईला वाटली नाही, मग ती पांढरपेशा घरातच का शिरली? मराठीची विद्यार्थिनी कथा-कादंबऱ्यांतून आणि जात्यावरच्या ओव्यांतून लुगड्याचे उल्लेख काढेल. यातल्या एकट्याचं उत्तर म्हणजे हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीतला एकेक पाय. सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं तर हत्ती दिसायची शक्यता. 'आंतरविद्याशाखीय' या भल्यामोठ्या शब्दाचा अर्थ मला तरी एवढाच कळतो.

हे फार पुस्तकी वाटत असेल तर ताजं उदाहरण देते. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत जी चप्पल दिसली, ती बघून आपल्याकडे एकच ओरड झाली, "अहो, ही तर आमची कोल्हापुरी!" कोल्हापुरीचं नावही तिथे नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा भारतीय चपलेची आहे. पुढे उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिका करणारे या चपलेच्या भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचं ठरलं.

या एका चपलेत किती विद्या आहेत बघा. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांचे मिळून आठ जिल्हे एकत्र धरतं, तो कायद्याचा विषय. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात, ते रसायनशास्त्र. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाने केलं त्याला त्याच कामासाठी शिवून घ्यायचं नाही असं आपण ठरवलं होतं, तो जातीचा इतिहास. चामड्याच्या बारीक वेण्या घालणारे हात पुष्कळदा घरातल्या बायकांचे असतात आणि त्यांचं नाव कुठेच नसतं, तो स्त्री-अभ्यास. आणि तोच आकार कोल्हापूरच्या दुकानात एका भावाला आणि मिलानच्या दुकानात त्याच्या कित्येक पट भावाला का विकला जातो, ते अर्थशास्त्र. आपण मात्र 'आमची चप्पल चोरली' एवढ्यावर रागावलो आणि चार दिवसांनी विसरलो. आपल्याकडे हा विषय मुळापासून शिकलेली पाच-पंचवीस माणसं असती, तर त्यांनी त्या रागाला आकार दिला असता. कारागिराच्या बाजूने कागद घेऊन उभं राहायला नुसता अभिमान पुरत नाही, अभ्यास लागतो.

आता आक्षेपांकडे वळते. नातेवाइकांचे आहेतच, पण काही माझ्या निवृत्त सहकाऱ्यांचेही आहेत, आणि ते विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप: "शेतकरी मरतोय आणि तुम्हाला फॅशन सुचतेय." मी म्हणते, बोंड कुणाच्या शेतात फुटतं? विदर्भातला कापूस, तो वेचणारी बाई, मुंबईत १८५४ साली सुरू झालेल्या गिरणीपासून १९८२ च्या संपापर्यंतचा गिरणगाव, मालेगाव-इचलकरंजीचे यंत्रमाग, आणि त्यापुढे दुकानातला शर्ट, ही एकच माळ आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. त्यांतली बहुतेक परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवणारी. स्वस्त शर्टाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न फॅशनच्या अभ्यासातलाच आहे. चैनीचा अभ्यास ही चैन नसते. रोगाचा अभ्यास करणारा रोगी असतो का?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "अनेक विषयांचं थोडं थोडं शिकवायचं म्हणजे धड ना हे, धड ना ते." यात तथ्य आहे. आंतरविद्याशाखीय या नावाखाली वरवरचा चिवडा विकला जाऊ शकतो. म्हणून माझं मत असं, की विद्यार्थ्याचा एक पाय कुठल्यातरी एका विद्येत घट्ट रोवलेला असावा. इतिहास म्हणा, अर्थशास्त्र म्हणा, रसायन म्हणा. आणि दुसरा पाय मोकळा. दोन्ही पाय हवेत नकोत.

तिसरी शंका माझी स्वतःची. पैसा कोण देणार? स्टॉकहोमच्या केंद्राला मोठी देणगी मिळाली ती एच अँड एम या कपडे विकणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांच्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडून. केंद्राने काम चांगलं केलं असेल, तरी ज्याचं मीठ खावं त्याला कडू बोलणं सोपं नसतं. म्हणून हे काम सार्वजनिक विद्यापीठांनीच हाती घ्यायला हवं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने विषयांच्या भिंती कमी करायची भाषा केलीच आहे. नुसती भाषा नको, जागा भरा आणि शिकवायला माणसं नेमा.

चौथा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, पण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. हा विषय बायकांचा आणि खालच्या मानलेल्या जातींचा आहे, म्हणून तो हलका. साळी, कोष्टी, रंगारी, शिंपी, चर्मकार यांनी हातांनी केलं आणि बायकांनी अंगावर मिरवलं, त्यात कसली आली विद्या! पुरुष मात्र जणू कपडेच घालत नाहीत. पगडी, पागोटं, फेटा, मुंडासं, रुमाल यांवरून एकेकाळी माणसाची सगळी कुंडली मांडता येई, हे सोयीस्करपणे विसरायचं.

शाळेत तर हे रोज डोळ्यांसमोर असायचं. शिक्षिकांनी साडीच नेसली पाहिजे, असा आमच्या शाळेत अलिखित नियम होता. ऐंशीच्या दशकात एक तरुण सहकारी पंजाबी ड्रेस घालून आली तेव्हा तिला ऑफिसात बोलावून समज देण्यात आली. त्याच शाळेत सर लोक शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून फिरायचे, त्यांना कुणी बोलावलं नाही. आणि गणवेशाचं सांगायचं तर, गणवेशामुळे सगळी मुलं समान दिसतात असं आम्ही सांगायचो खरं, पण पावसाळ्यात ज्याच्याकडे एकच जोड असायचा त्याचा सदरा सकाळच्या प्रार्थनेला ओला असायचा. बाकावर बसताना तो अंग चोरून बसायचा. समानतेवरची कितीतरी भाषणं ऐकली, पण त्या ओल्या सदऱ्याएवढं मला कुणी शिकवलं नाही. असो.

शेवटचा मुद्दा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत तातडीचा. या विषयावरची चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत. एमा टार्लो यांनी भारतीय पोशाखावर १९९६ साली लिहिलं, मुकुलिका बॅनर्जी आणि डॅनियल मिलर यांनी २००३ साली नुसत्या साडीवर पुस्तक लिहिलं. आनंदच आहे. पण हा अभ्यास मराठीतही व्हायला हवा, कारण त्याचा अर्धा पुरावा मराठी शब्दांत आहे. लुगडं, पातळ, इरकल, खण, पोलकं, परकर, बाराबंदी, अंगरखा, उपरणं, ओचा, केळं, कासोटा. माझ्या नातवंडांना यांतले चार शब्द आले तरी पुष्कळ. शब्द गेला, की वस्तू ओळखता येत नाही. वस्तू ओळखता आली नाही, की फोटोतली बाई नुसतीच 'जुन्या काळातली बाई' होते. जुन्या फोटोत नऊवारीवर फुग्याच्या बाह्यांचं पोलकं दिसतं ना? त्या बाह्या विलायती आहेत. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणून नमस्कार करतो, ती त्या बाईच्या सासूच्या मते 'फॅशन'च होती! आपल्याकडे असते ती परंपरा आणि फॅशन तेवढी साहेबाची, ही समजूत त्या एका बाहीने फाटते.

या विद्येला मराठीत काय म्हणावं? 'वेशविद्या' असा शब्द मला सुचतो. कुणाला अधिक चांगला सुचला तर जरूर कळवा. नाव काहीही ठेवा, पण विद्यापीठ जागं होईपर्यंत आपण घरच्या घरी सुरुवात करू शकतो. प्रत्येकाच्या घरी जुने अल्बम आहेत, ट्रंकेत तळाशी एखादं जरीचं लुगडं आहे. घरातलं सगळ्यांत वयस्क माणूस समोर बसवा आणि विचारा: हे कोण, कुठल्या सालचं, कापड कुठून आणलं, किंमत काय पडली, कुणी शिवलं, नेसायला कुणी शिकवलं, आणि हे घातलं म्हणून कुणी बोललं का? उत्तरं एका वहीत लिहा, त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता. (हे एक मराठीची शिक्षिका सांगते आहे, म्हणजे बघा!) ती वही उद्याच्या अभ्यासकाला सोन्याच्या मोलाची वाटेल. ज्यांना विचारायचं ती माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका. येत्या रविवारीच बसा.